वारशांत आलेल्या फटफट्या

पंचवटींत काळारामाच्या देवळापासून गोदेकडे उतरणाऱ्या एका गल्लींत आमच्या थोरल्या काकांचा वाडा. काका निवर्तल्यावर तो पाडून नवी इमारत बांधावयाचें ठरलें, आणि सामानाची आवराआवर करतांना मागल्या पडवींत ताडपत्रीखालीं दोन फटफट्या निघाल्या : एक १९६८ सालची बुलेट, दुसरी १९६९ ची जावा. लहानपणीं आम्हांस त्यांवर बसावयास मिळत नसे. पुसण्याचा मान मात्र दर रविवारीं मिळे.

थोरल्या चुलतबंधूंनीं भंगारवाल्यास बोलाविलें. त्यानें दोहींचे मिळून नऊ हजार रुपये सांगितले, म्हणजे निव्वळ लोखंडाचा भाव. परदेशीं असलेल्या धाकट्यानें संगणकावर कोणा विक्रेत्याची मागणी पाहिली व तो लाखांची भाषा बोलूं लागला. बहीण कांहींच बोलली नाहीं. तिला कोणीं विचारलेंच नव्हतें. आम्ही मध्यें पडलों तें एवढ्यासाठींच.

किंमत किती, हा प्रश्न दुसरा. मालक कोण, हा पहिला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यान्वयें मृत्युपत्र नसेल तर विधवा पत्नी, मुलगे व मुली यांचे वांटे सारखे, आणि मृताची आई हयात असल्यास तिचाही तेवढाच. आमच्या काकांनीं मृत्युपत्र केलेलें नव्हतें. तेव्हां काकू व तिन्ही भावंडें अशा चौघांची लेखी संमति घेऊन गाड्या काकूंच्या नांवें करण्याचें ठरलें. परिवहन कचेरी पंचवटींतच, पेठ रस्त्यावर आहे, ही त्यांतल्या त्यांत सोय. मालक वारल्यास तीस दिवसांच्या आंत कचेरीस कळवावें व तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वाहन वारसाच्या नांवें करून घ्यावें, असा नियम आहे. आमच्याकडून मुदत टळली. तिचा भुर्दंड आम्हीं निमूटपणें भरला. शिवाय पुस्तकांतील नोंदणी केव्हांच संपलेली, आणि जुनी नोंद संगणकांत चढलेली नाहीं. हें सर्व उरकल्यावांचून विक्रीचे २९ व ३० हे नमुने कोणी हातीं धरीत नाहीं. काकांनीं नोंदणीपुस्तकें, बुलेटची मूळ पावती व हत्यारांची पिशवी देव्हाऱ्याखालच्या फडताळांत ठेविली होती, हें आमचें भाग्य. कागद नसलेली गाडी कितीहि देखणी असली तरी जाणता गिऱ्हाईक तिला सुट्या भागांचेंच मोल देतो.

२०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें झालेली व मूळ रूपांत राखलेली दुचाकी वा चारचाकी त्यांत बसते. तशी नवी नोंदणी करावयाची तर फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें. मात्र अशी गाडी प्रदर्शनास, अभ्यासास वा शर्यतीच्या मेळाव्यास न्यावी. रोज बाजारहाटास नव्हे. जुन्या वाहनांच्या ‘फीवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेस तीस वर्षेंच पुरतात, आपल्याकडे पन्नास. मूळ रूप हवें, ही अट मात्र दोहींकडे आहे.

या अटीचें मर्म आमच्या थोरल्या बंधूंस उशिरां उमगलें. गिऱ्हाईक यावयाचें म्हणून त्यांनीं बुलेटची टाकी परस्पर काळ्या रंगानें चकचकीत करून आणली. मद्रासच्या कारखान्यांतून आलेल्या सोनेरी रेघा त्याखालीं कायमच्या गेल्या. रंग आज कोठेंहि मिळतो, तो पहिला हात पुन्हां मिळत नाहीं. अमेरिकेंत लास व्हेगास येथें २०२३ च्या जानेवारींत १९०८ सालची एक हार्ले ९,३५,००० डॉलरांस गेली. त्या आंकड्यावरून आपल्या पडवींतल्या गाडीचा हिशेब मांडूं नये, हें खरें. पण तेथेंहि मूळचे भाग किती टिकले आहेत, यालाच मोल होतें.

भाव काढतांना मागितलेली किंमत धरूं नये, प्रत्यक्ष पटलेली धरावी. आम्हीं तिघांस गाड्या दाखविल्या : एक जुना मिस्त्री, एक संग्राहक, आणि ज्यास घ्यावयाचें नव्हतें असा एक जाणकार. सांचा व इंजिन यांवरील क्रमांक पुस्तकाशीं जुळतात कीं नाहीं, हें तिघांनींहि प्रथम पाहिलें. मिस्त्रीनें किक मारूं दिली नाहीं. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या इंजिनांत आधीं प्लगच्या भोंकांतून थोडें तेल सोडावें, टाकींतलें जुनें पेट्रोल काढून टाकावें, मग हात लावावा, असें तो म्हणाला. बुलेटचे भाग सहज मिळतात, कारण ती आजहि निघते. जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद झाला, आणि २०१८ पासून त्या नांवानें निघणारी गाडी अगदीं निराळी.

बुलेटसाठीं मुंबईचे एक गृहस्थ आले. सौदा ठरत आला असतां काकू माजघरांतून बाहेर आल्या. ऑगस्ट २०१६ च्या पुरांत दुतोंड्या मारुति बुडाला, त्या दिवशीं पडवींत गुडघाभर पाणी होतें. जावा ओट्यावर असल्यामुळें वांचली, बुलेट पाण्यांत उभी राहिली. पाहुण्यांनीं हें विचारलें नव्हतें. थोरल्यांनीं डोळ्यांनीं खुणावलें. काकू म्हणाल्या, “अरे, यांनीं ही गाडी कधीं कोणाला खोटें सांगून चालविली नाहीं.” आणि सर्व सांगून मोकळ्या झाल्या.

इंजिन उघडलें तेव्हां आंत गंज निघाला. गृहस्थांनीं ठरत आलेल्या रकमेंतून चौथाई कमी केली, पण गाडी नेली. थोरले आठवडाभर आमच्याशीं बोलले नाहींत.

जावा बहिणीनें घेतली. तिघा जाणकारांच्या अंदाजांचा मध्य धरून तिच्या वांट्यांतून रक्कम वळती केली आणि उरलेली तिनें हप्त्यांनीं द्यावी असें ठरलें. त्या गाडीला किक मारण्याचा व गियर बदलण्याचा दांडा एकच असतो. तिची मुलगी पहिल्या दिवशीं अर्धा तास गियरचा दांडा शोधीत होती. शेवटीं काकूंनीं ओट्यावर बसल्या बसल्याच तिला तो दाखविला.