हिरोशिमा येथील स्मृतिलेखातील अध्याहृत कर्ता

हिरोशिमा शहरावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब टाकण्यात आला. त्यात बळी पडलेल्यांचे स्मारक ६ ऑगस्ट १९५२ रोजी अनावृत झाले. वास्तुशिल्पज्ञ केन्झो तांगे यांनी रचलेल्या कमानीखाली एक शिलापेटिका असून तीत मृतांची नामावली ठेवलेली आहे. पेटिकेवर एक छोटेसे वाक्य कोरले आहे. त्याच्या पूर्वार्धात मृतांनी शांत निद्रा घ्यावी अशी विनंती आहे; उत्तरार्धात, चुकीची पुनरावृत्ती केली जाणार नाही, असे तिचे कारण दिले आहे.

ही पुनरावृत्ती कोण करणार नाही? मूळ वाक्यात क्रियापद सकर्मक आहे, परंतु कर्ता उक्त नाही. जपानी क्रियापदास पुरुषाचे वा वचनाचे प्रत्यय लागत नाहीत आणि संदर्भाने कळणारा कर्ता गाळणे हा त्या भाषेचा नित्याचा प्रघात होय. मात्र बोलण्यात वक्ता समोर असतो. शिलालेखात तो नसतो. वादाचे मूळ येथेच आहे.

टोकियो येथील युद्धगुन्हेविषयक न्यायाधिकरणातील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी नोव्हेंबर १९५२ मध्ये स्मारकास भेट दिली. बाँब जपान्यांनी टाकला नसता चूक त्यांनी का कबूल करावी, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. लेखाचे कर्ते तादायोशी साइका हे हिरोशिमा विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक असून स्वतः त्या स्फोटातून वाचलेले होते. अध्याहृत कर्ता अखिल मानवजात आहे, असे त्यांचे उत्तर होते. १९८३ मध्ये हा खुलासा करणारा फलकही तेथे लावण्यात आला.

मराठीत हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. ‘चूक पुन्हा होणार नाही’ म्हटल्यास कर्तृत्वच लोपते. ‘करणार नाहीत’ म्हटल्यास दोष परक्यांवर जातो. साइकांच्या इंग्रजी भाषांतरातील प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीस ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावेच लागते. पाल यांनी ‘आम्ही’ असा अर्थ घेतला. साइकांना ‘आपण’ अभिप्रेत होते.

कर्ता गाळल्याने उत्तरदायित्व टळते, असे म्हणता येईल. परंतु येथे संबोधन मृतांना आहे आणि लेख वाचणारा प्रत्येकजण ते वचन आपल्या मुखाने उच्चारतो. रिकाम्या राहिलेल्या कर्तृपदी तो स्वतःच येऊन उभा राहतो.