सव्वाशेचा सौदा, छत्तीस विमानं

२८ ऑगस्ट २००७ रोजी भारताच्या संरक्षण मंत्रालयाने सहा विमान कंपन्यांना २११ पानांची निविदा धाडली. आम्हाला १२६ मध्यम वजनाची लढाऊ विमानं हवी आहेत; १८ तयार द्या आणि उरलेली १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे एचएएलमध्ये, बांधायला मदत करा, असा तिचा सारांश. १२६ हा आकडा साध्या गुणाकाराचा. एका स्क्वाड्रनला राखीव धरून १८ विमानं लागतात, आणि हवाई दलाला सात स्क्वाड्रन हवी होती. मंजूर स्क्वाड्रन ४२. त्यात मिग-२१ ची स्क्वाड्रन एकेक करून बंद होणार हे तेव्हाच दिसत होतं.

लढाऊ विमानांची तुलना नेमकी कशी होते हे समजून घ्यायला या खरेदीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. विमान निवडणं हे एक काम आणि ते विकत घेणं हे निराळंच काम. भारताने पहिलं काम फार नेटकं केलं. दुसऱ्यात गाडी रुतली.

रिंगणात होती ती विमानं अशी: फ्रान्सच्या दासोचं राफेल, चार युरोपीय देशांनी मिळून बांधलेलं युरोफायटर टायफून, स्वीडनच्या साबचं ग्रिपेन, रशियाचं मिग-३५ आणि अमेरिकेची दोन, लॉकहीडचं एफ-१६ आणि बोइंगचं सुपर हॉर्नेट. 'मध्यम' म्हणावं तर ग्रिपेनला एकच इंजिन आणि सुपर हॉर्नेटचं भरलेलं वजन ३० टनांच्या घरात, ग्रिपेनच्या जवळपास दुप्पट. विमानवाहू जहाजावर आदळत उतरायला बनवलेलं विमान आणि गरज पडल्यास हमरस्त्यावरून उडता यावं म्हणून बनवलेलं विमान एकाच तराजूत तोलायचं होतं.

माहितीपत्रकांवर विसंबून हे जमत नाही. त्यांतला प्रत्येक आकडा खरा असतो, फक्त सगळे आकडे एकाच वेळी खरे नसतात. कमाल वेग मिळतो तो पंखांखाली फारसं काही टांगलेलं नसताना. कमाल पल्ला मिळतो तो इंधनाच्या जादा टाक्या लावल्यावर, आणि त्या लावल्या की बॉम्बच्या जागा अडतात, वेग उतरतो. राफेल बाहेरून साडेनऊ टनांपर्यंत वजन उचलू शकतं हे बरोबर. पण तेवढं वजन घेऊन ते ध्वनीच्या पावणेदोन पटीने पळणार नाही. म्हणून हवाई दल आधी कामं ठरवतं. अमुक इतके बॉम्ब घेऊन, जमिनीलगत इतके किलोमीटर उडून, लक्ष्यावर इतकी मिनिटं थांबून परत ये; आता सांग, टाकीत किती इंधन उरलं? या प्रश्नाला सहा विमानं सहा उत्तरं देतात, आणि ती उत्तरं एकमेकांशेजारी मांडता येतात.

अशा बारीकसारीक निकषांची संख्या या स्पर्धेत साडेसहाशेच्या आसपास गेली होती. कागद तपासून झाल्यावर २००९-१० मध्ये प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. भारतातल्या चाचण्यांसाठी बंगळुरू, जैसलमेर आणि लेह अशी ठिकाणं निवडली होती. शस्त्रं डागून बघायला आपले वैमानिक त्या त्या देशात गेले. बंगळुरूला दमट हवा. जैसलमेरला वाळू आणि उन्हाळा. तिथल्या उन्हात तापलेल्या धावपट्टीशेजारी विमान उभं राहिलं की कसोटी लागते ती रडार आणि संगणक थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची. शीत प्रदेशात जन्मलेल्या विमानाला हा उन्हाळा माहीतच नसतो.

लेहचं गणित अधिक अवघड. विमानतळाची उंची सुमारे ३,२५० मीटर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्के, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. पंखाला उचल हवेतूनच मिळते आणि इंजिनालाही जाळायला हवाच लागते, त्यामुळे विरळ हवेचा फटका दोन्हीकडून बसतो: जोर कमी आणि जमीन सोडायला हवा असलेला वेग जास्त. वर डोंगरांनी वेढलेली धावपट्टी. सर्वांत नाजूक क्षण तर उड्डाणाच्याही आधीचा. रात्रभर थंडीत उभं राहिलेलं इंजिन बाहेरच्या मदतीशिवाय सुरू होतं का? फ्रान्स किंवा स्वीडनच्या हवाई दलाला या उंचीवर तळ चालवावा लागत नाही, म्हणून त्यांच्या विमानांच्या मूळ आराखड्यात हा प्रश्न नव्हता. भारताने घेतलेल्या राफेलमध्ये पुढे ज्या खास सुधारणा करून घेतल्या गेल्या, त्यांत उंचावरच्या थंडीत इंजिन सुरू करण्याची सोय होती ती यामुळेच.

रडारची अटही कडक होती. जुन्या पद्धतीत नाकातली तबकडी यंत्राने फिरवून आकाश झाडून घेतात. नव्या, 'एसा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात तबकडी हलतच नाही; तिच्यावरचे शेकडो छोटे प्रक्षेपक आपापल्या लहरींची वेळ किंचित पुढेमागे करून किरण हवा तिकडे वळवतात, तोही क्षणार्धात. एकाच वेळी जमीन न्याहाळणं आणि हवेतली लक्ष्यं धरून ठेवणं त्यामुळे शक्य होतं. हे तंत्र तेव्हा अमेरिकी विमानांत प्रत्यक्ष सेवेत होतं. युरोपीय विमानांत ते अजून घडत होतं. आणि तरीही एप्रिल २०११ मध्ये उरली ती राफेल आणि टायफून ही दोनच. अमेरिकेचे राजदूत टिमोथी रोमर यांनी जाहीरपणे निराशा व्यक्त केली. निकषांची यादी लांबलचक असली की एका विषयातल्या शंभर गुणांनी निकाल लागत नाही.

इथवर हवाई दलाचं काम संपलं. पुढची पद्धत जरा चमत्कारिक होती. आपल्या तेव्हाच्या नियमांत तांत्रिक परीक्षेला फक्त दोन निकाल होते: उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण. जो काठावर पास झाला आणि जो सगळ्यांच्या पुढे गेला ते दोघे पुढच्या खोलीत सारखेच, तिथे फक्त किंमत बघत. या खेपेला किंमत म्हणजे निव्वळ खरेदीची किंमत धरली नाही, हे चांगलं झालं. लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षं वापरात राहतं; इंधन, सुटे भाग, इंजिनाची दुरुस्ती यांत मूळ किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसा जातो. म्हणून आयुष्यभराचा खर्च मांडायचा ठरला. पण किमतीचे लिफाफे भरले होते एप्रिल २००८ मध्ये आणि फोडले नोव्हेंबर २०११ मध्ये. ३१ जानेवारी २०१२ रोजी राफेल सर्वांत स्वस्त असल्याचं जाहीर झालं.

फिनलंडने हाच प्रश्न उलटा टाकला. जुनी हॉर्नेट विमानं बदलायची होती. त्यांनी सुमारे १० अब्ज युरोंची मर्यादा आधीच सांगितली आणि पाच स्पर्धकांना विचारलं, एवढ्या पैशात जास्तीत जास्त काय देता? विमानं, शस्त्रं, प्रशिक्षण, सगळं त्यात आलं. २०२० च्या हिवाळ्यात प्रत्येक विमान पिर्कालाच्या तळावर आणून उडवलं. पुरवठ्याची खात्री, स्थानिक उद्योगाचा वाटा आणि चालवण्याचा वार्षिक खर्च हे तीन उंबरठे जो ओलांडेल त्याचीच पुढे तुलना, आणि ती फक्त लढण्याच्या क्षमतेवर. डिसेंबर २०२१ मध्ये ६४ एफ-३५ ठरली. विमान कोणतं आवडतं हा भाग बाजूला ठेवला तरी ही पद्धत मला जास्त सरळ वाटते. उत्तम विमानाला उत्तम असण्याचा फायदा तिच्यात मिळतो.

आपल्याकडे २०१२ नंतर वाटाघाटी सुरू झाल्या आणि तिथे न तपासलेला एक प्रश्न वर आला. एचएएलमध्ये बांधलेल्या १०८ विमानांची हमी कोण देणार? दासो म्हणे, आमच्या कारखान्यात जे बनेल त्याची आम्ही देऊ. दुसरा पेच मनुष्यतासांचा. दासोने आपल्या कामगारांच्या वेगाने हिशेब केला होता. एचएएलला त्याच कामाला २.७ पट तास लागतील असा अंदाज निघाला. तास वाढले की किंमत वाढली, आणि किंमत वाढली की राफेल स्वस्त होतं हा निकालच डळमळला. विमान निर्दोष असूनही सौदा अडला. १० एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी पॅरिसमध्ये ३६ तयार विमानं सरकार-ते-सरकार करारातून घेण्याची घोषणा केली आणि सव्वाशेची निविदा मागे घेण्यात आली.

२३ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्लीत करारावर सह्या झाल्या. आपल्या बाजूने संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांची. रक्कम सुमारे ७.८७ अब्ज युरो. मग घरोघरी भागाकार सुरू झाला: रक्कम भागिले ३६. लढाऊ विमानांच्या चर्चेतली ही सर्वांत मोठी दिशाभूल. त्या रकमेत विमानांबरोबर मीटिऑर आणि स्काल्प क्षेपणास्त्रं होती, सुटे भाग होते, भारतासाठीच्या खास सुधारणा होत्या, ठराविक टक्के विमानं सतत उडण्याजोगी ठेवण्याचा देखभाल करार होता. त्या वेळच्या वृत्तांनुसार निव्वळ विमानांचा वाटा निम्म्याहून कमी होता. शिवाय सुधारणांचा आराखडा एकदाच करावा लागतो. त्याचा खर्च ३६ विमानांवर पसरला तर प्रत्येकी जास्त पडतो, १२६ वर पसरला तर कमी. दोन देशांनी एकाच विमानाला दिलेल्या किमती शेजारी ठेवण्याआधी पावतीत काय काय लिहिलंय ते वाचावं लागतं. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात ही समान पातळीवरची तुलना करून नवा सौदा २.८६ टक्क्यांनी स्वस्त ठरवला; राजकीय वाद त्याने शमला नाही, ते अपेक्षितच होतं.

कोणत्याही रकान्यात न बसणारी बाबही असते: युद्धाच्या दिवशी सुटे भाग येतील का? १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांचे भाग अडले आणि देशी बनावटीच्या तेजस या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रणावर अमेरिकेत चाललेलं काम थांबलं. फ्रान्सने तसं केलं नाही, आणि पुढच्याच वर्षी कारगिलमध्ये दासोच्याच मिराज-२००० ने आपलं काम चोख केलं. हा अनुभव हवाई दल विसरलेलं नाही.

पहिली पाच राफेल २९ जुलै २०२० रोजी अंबाल्यात उतरली. ३६ म्हणजे दोन स्क्वाड्रन. सातची गरज तशीच राहिली. २०१८ मध्ये ११४ विमानांसाठी नव्याने विचारणा झाली तेव्हा बहुतेक जुनीच मंडळी दारात आली. लॉकहीडने तर एफ-१६ ला भारतापुरतं एफ-२१ असं नवं नाव दिलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं आणि स्क्वाड्रनची संख्या २९ वर आली.

ही तूट भरून काढायची भिस्त आता बरीचशी तेजस मार्क-१ए वर आहे: २०२१ मध्ये ८३ आणि २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची मागणी. त्यासाठी एचएएलने नाशिकजवळ ओझरला, जिथे १९६० च्या दशकात मिग-२१ बांधायला सुरुवात झाली त्याच कारखान्यात, नवी जुळणीची रांग उभारली. तिथल्या पहिल्या तेजसने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केलं. वर्षाला आठ विमानं काढायची तिची क्षमता आहे. पण तेजसचं एफ-४०४ इंजिन जीई कंपनीचं. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं मिळायला मार्च २०२५ उजाडला, आणि ओझरहून दरवर्षी किती विमानं बाहेर पडतील हे सध्या तरी अमेरिकेहून किती इंजिनं येतात त्यावर ठरतं.