बिअरचे विरजण

या वर्षीच्या व्याख्यानांच्या यादीत घरगुती बिअर आणि तिचे यीस्ट हा विषय पाहून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, असे माझ्या कानावर आले आहे. कामगारांत आयुष्य काढलेल्या माणसाने दारूविषयी बोलायचे ते तिच्याविरुद्ध, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पगाराच्या दिवशी गुत्त्याबाहेर नवऱ्याची वाट अडवून उभ्या राहिलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. म्हणून आधीच सांगून टाकतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे, आणि ती करायला शिकवण्याचा माझा इरादा नाही. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरच्या बिअरवरची परवान्याची अट उठली, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती मोकळी झाली. तिथे लोक ती हौसेने करतात. मला त्यात रस आहे तो एका सूक्ष्म जीवासाठी.

या जीवाची माझी ओळख झाली ती पावामुळे. बेकरी कामगारांची संघटना बांधायची तर रात्रीच्या पाळीला भट्टीपाशी जाऊन बसावे लागे. थंडीत पीठ उशिरा का फुगते, उन्हाळ्यात लवकर का उतू जाते, हे तिथले जुने कारागीर बोटांनी ओळखत. त्यांना कारण विचारले की म्हणत, "साहेब, ते जिवंत आहे." गोव्याचे पोदेर पूर्वी याच कामाला माडाची सूर वापरीत, त्या सुरेतही हेच यीस्ट. पुढचे सगळे मी ग्रंथालयात बसून वाचले.

आता बिअर म्हणजे काय ते पाहू. जव भिजवून त्याला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे आणि गरम पाण्यात ठेवायचे. मोड येताना धान्यात जी पाचकद्रव्ये तयार होतात ती पिठूळ भागाची साखर करतात. हे गोड पाणी गाळून हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळले की एक काढा मिळतो. इथवर माणसाचे काम. त्या काढ्यात मद्याचा थेंब नसतो. तो निववून त्यात यीस्ट घातले म्हणजे खरे काम सुरू होते. यीस्टची पेशी साखर खाते, तिच्यातून मद्य आणि कर्बवायू बाहेर टाकते. पावात वायू उपयोगी पडतो आणि मद्य भट्टीत उडून जाते, बिअरमध्ये दोन्ही हवे असतात.

मग यीस्ट कुठलेही का चालत नाही? याचे उत्तर एखाद्या हौशी माणसाचा साधा प्रयोग देतो. एकच काढा दोन भांड्यांत निम्मा निम्मा ओतायचा, एकात इंग्लंडच्या धर्तीचे 'एल' यीस्ट घालायचे, दुसऱ्यात बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरचे. दोन आठवड्यांनी चव घेतली तर ही एकाच पातेल्यातली भावंडे आहेत यावर विश्वास बसणार नाही. पहिलीत फळांचा मंद वास, दुसरीत पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा. केळे नाही, लवंग नाही. केळ्याचा वास देणारे रसायन यीस्टच आपल्या पोटात तयार करते. लवंगेची गोष्ट जास्त गमतीची आहे. धान्याच्या सालातल्या एका आम्लापासून हा वास तयार करण्याची शक्ती रानटी यीस्टमध्ये सर्रास असते. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१६ साली १५७ जातींच्या यीस्टचा वंशवेल तपासला, तेव्हा असे दिसले की बिअरच्या बहुतेक यीस्टमध्ये या कामाची जनुके मोडून गेली आहेत. बिअर करणारांना लवंग नको होती, म्हणून शतकानुशतके ते न लवंगणारे यीस्ट पुढच्या घाण्यासाठी राखून ठेवीत आले. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरवाल्यांना ती आवडली, त्यांची जनुके शाबूत राहिली. गाय माणसाळवावी तसे न दिसणारे जित्राब माणसाने माणसाळवले, आणि ते आहे हेही त्याला ठाऊक नव्हते!

दुसरा फरक भुकेचा. काढ्यात साखरा अनेक असतात. साधी ग्लुकोज सगळेच खातात, माल्टोजही बिअरचे यीस्ट आवडीने खाते. पण तीन कड्यांची माल्टोट्रायोज काहींना पचत नाही. ती उरली की बिअर गोडसर, जाड लागते. उलट काही जाती इतक्या अधाशी की इतरांना न फुटणाऱ्या लांब साखळ्याही त्या बाहेर पाचकद्रव्य सोडून तोडतात. बेल्जियमच्या 'सेझाँ' बिअरमध्ये अशी यीस्ट असतात आणि तिथे ती कोरडी चव हवीच असते. पण हीच जात चुकून दुसऱ्या बिअरच्या बाटलीत शिरली तर बूच लावल्यावरही ती आठवडेच्या आठवडे खात राहते, वायू साचतो आणि बाटली फुटते. काचा डोळ्यात जाण्याचा हा धोका घरी बिअर करणारांनी हलका समजू नये.

तिसरा फरक उष्णतेचा. एलचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांवर खुशीत असते आणि काम करताना फेसाबरोबर वर येते. 'लागर'चे यीस्ट ८ ते १२ अंशांच्या गारठ्यात सावकाश काम करते व तळाशी बसते. त्याची बिअर स्वच्छ चवीची, पण घाई केली तर तिला लोण्याचा वास मारतो. हा वास देणारे द्रव्य यीस्टच सोडते आणि वेळ दिला तर तेच ते परत शोषून घेते. एलच्या यीस्टला फार उकाड्यात राबवले तर त्यातून जड, डोके चढवणारी मद्ये निघतात आणि वास रंगाच्या डब्यासारखा येतो. खाणे अपुरे, सुरुवातीला प्राणवायू कमी, किंवा नेमलेल्या पेशीच थोड्या, असे झाले की काम अर्ध्यावर थांबते. माझ्यासारख्याला ही लक्षणे ओळखीची वाटली तर नवल नाही.

इथे एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, बहुतेक हातावर पोट असणारी. अशा वेळी वस्तीत हमखास ऐकू येते, "माल नीट आंबला नव्हता." हे खरे नाही. यीस्ट साखरेपासून करते ते इथाइल अल्कोहोल. मारते आणि आंधळे करते ते मिथाइल अल्कोहोल. फळांच्या गरातून ते आंबताना किंचित सुटते, जवाच्या काढ्यातून नगण्य. मालवणीच्या दारूत कारखान्यात वापरायचे मिथाइल अल्कोहोल होते. ते यीस्टने घातलेले नसते. ते कोणीतरी स्वस्त पडते म्हणून विकत आणून ओतलेले असते. यीस्टच्या माथी खापर फुटले की माणूस सुटतो, म्हणून हा फरक वस्तीवस्तीत माहीत असला पाहिजे.

यीस्ट जिवंत आहे हे पटायला युरोपला फार वेळ लागला. बव्हेरियाच्या १५१६ च्या हुकुमात बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घालावे असे लिहिले आहे. यीस्टचे नाव नाही. १६८० साली लेव्हेनहूकने आपल्या भिंगातून बिअरमधले गोळे पाहिले. १८३७ च्या सुमारास तिघांनी वेगवेगळे सांगितले की हे गोळे वाढतात, त्यांना अंकुर फुटतात. त्यावर लिबिग आणि व्होलर या बड्या रसायनशास्त्रज्ञांनी १८३९ मध्ये निनावी टवाळी छापली: म्हणे हे इवले प्राणी तोंडाने साखर गिळतात आणि मागून मद्य सोडतात. थट्टा म्हणून लिहिलेले हे वाक्य सत्याच्या बरेच जवळ होते. पुढे पाश्चरने वाद मिटवला आणि १८७६ साली बिअरवर ग्रंथच लिहिला.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो कोपनहेगनचा एमिल ख्रिस्तियन हानसेन. रंगकाम करून शिकलेला गरिबाघरचा मुलगा. तिथल्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याचा मालक याकोब्सेन याने १८४५ मध्ये म्यूनिकहून यीस्ट आणले होते, वाटेत घोडागाडी थांबेल तिथे डब्यावर गार पाणी ओतून ते जगवीत. १८७५ साली त्याने प्रयोगशाळा काढली. १८८३ मध्ये बिअर बिघडू लागली. दोष जिवाणूंचा असे सगळे धरून चालले असता हानसेनने दाखवले की चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळले आहे. त्याने एकच पेशी वेगळी काढली, तिची पैदास वाढवली आणि त्या वर्षी नोव्हेंबरात कारखाना त्या शुद्ध यीस्टवर चालवला. याकोब्सेनने ते कुलुपात ठेवले नाही. मागतील त्या कारखान्यांना, प्रतिस्पर्ध्यांनाही, ते दिले. मालकांची स्तुती करण्याचे प्रसंग माझ्यावर फारसे येत नाहीत, पण हा एक आहे. ते यीस्ट मुळात संकरित होते. त्याचा थंडी सोसणारा पूर्वज २०११ साली अर्जेंटिनाच्या पाटागोनियात, बीच झाडांच्या गाठींवर सापडला.

शुद्ध यीस्टची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते सगळीकडे गेले आणि गावोगावची जुनी विरजणे फेकली गेली. पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉससारख्या खोऱ्यांत मात्र काही शेतकरी घरांनी आपले यीस्ट सोडले नाही. तिकडच्या बोलीत त्याला 'क्वाइक' म्हणतात. लाकडी तुकड्यांचे कडे किंवा भोके पाडलेला ओंडका यीस्टमध्ये बुडवायचा, वाळवून घरात टांगून ठेवायचा. आपले बिघडले तर शेजाऱ्याकडून मागून आणायचे, त्याचे बिघडले तर आपण द्यायचे. आपल्याकडे विरजणाचे हेच चाले. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तपासले तेव्हा ही यीस्ट स्वतंत्र घराण्याची निघाली. त्यातल्या बऱ्याच विरजणांत एकाच जातीऐवजी अनेक जाती एकत्र नांदतात. आणि ती ३० ते ४० अंशांवर, म्हणजे आपल्या वैशाखात, दोनतीन दिवसांत काम उरकून संत्र्यासारखा सुवास देतात. एलचे यीस्ट त्या उकाड्यात बिअर नासवील. अशी थंड मुलखातली यीस्ट उष्णता कशी सोसतात, हे कोडे आता सुटू लागले आहे. तिथे काढा अंगाइतका कोमट असतानाच यीस्ट घालायची रीत होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात जे तगले तेच कड्यावर वाळत राहिले.