जोडीदाराचा वाढदिवस : केक कापा, पण चालाही

आपल्या वस्तीत घरधन्याचा वाढदिवस केक कापून होतो. बाईची जन्मतारीख मात्र कागदोपत्री १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. खरी तारीख कुणी विचारत नाही, तशी तब्येतही. माता रमाई ७ फेब्रुवारी १८९८ ला जन्मल्या आणि आजारपणाने २७ मे १९३५ ला, अवघ्या ३७ व्या वर्षी गेल्या. त्यांची जयंती करणाऱ्यांनी घरातली रमाईही जपली पाहिजे.

आम्ही सांगतो, तिच्या वाढदिवसाला अख्खा दिवस तिला द्या. आदल्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात दोघांचंही हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. चढताना लागणारा दम रक्त कमी असल्यानेही असतो. 'वय झालं' म्हणून सोडू नका.

मग पहाटे निघून राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे गाठा. डबा घरधन्याने बांधावा. इथून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर जाणारी वाट उभ्या चढाची आहे. दम, गुडघेदुखी किंवा हृदयविकार असेल तर गड चढू नका; गावालगतच्या सपाट वाटेने चाला. सावलीत पोरांसोबत लगोरी, लंगडी खेळा. माणशी दोन लिटर पाणी ठेवा. छातीत दुखलं तर तिथेच बसा, १०८ ला फोन करा.

तिची खरी तारीख सापडत नसेल, तर दोघं मिळून एक ठरवा आणि दरवर्षी त्याच दिवशी तपासणीही करा.