हिशेबाची दुसरी प्रत

दूधसंस्थेचा किंवा पतपेढीचा कारभार पूर्वी रोजकीर्द आणि खतावणी या वह्यांवर चाले. वही भिजली किंवा वाळवीने खाल्ली, की वर्षाचा हिशेब गेलाच म्हणून समजा. आता वह्यांच्या जागी संगणक आला, आणि पुष्कळ संस्थांचा हिशेब गावात राहतच नाही; तो दूरच्या शहरातील मोठ्या संगणक-केंद्रात साठवला जातो. यालाच क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच. एका इमारतीत हजारो संगणक ओळीने मांडलेले असतात, आणि त्यांतली जागा आपण भाड्याने घेतो.

इमारत म्हटली की आगीचे भय आले, आणि संगणक म्हटला की चोराचे. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून देशातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांची देवघेव मुख्य जाळ्यापासून तोडावी लागली. दुसऱ्या दिवशी ती पूर्ववत झाली. पण तेवढ्या वेळात ज्याला दवाखान्याचे बिल भरायचे होते, त्याने काय करायचं?

अशा प्रसंगातून सावरण्याच्या सेवा आता विकत मिळतात. त्यांतली कोणती घ्यावी? दरपत्रक पाहण्याआधी स्वतःलाच दोन प्रश्न विचारावेत. किती वेळाच्या नोंदी गमावल्या तर चालेल? आणि काम किती वेळ बंद राहिले तर चालेल? दूधसंस्थेची सकाळची नोंद गेली, तर गवळ्यांच्या हातातील पावत्यांवरून ती पुन्हा लिहिता येते. शाळेचे निकालपत्रक दोन दिवस थांबू शकते. पतपेढीचे मात्र तसे नाही. तेथे तासाभराची नोंद हरवली तरी भांडणे उभी राहतात.

या उत्तरांप्रमाणे सेवेच्या चार पायऱ्या होतात. पहिली, रोज रात्री नुसती प्रत काढून ठेवणे. ही सर्वांत स्वस्त. पण पुन्हा उभे राहायला कित्येक तास, कधी दिवसही लागतो. दुसरी पायरी चुलीत राखेखाली निखारा ठेवावा तशी आहे. नोंदी सतत दुसरीकडे उतरत असतात. तेथील संगणक मात्र संकट आले म्हणजेच चालू करायचे. ॲमेझॉनची इलॅस्टिक डिझास्टर रिकव्हरी आणि मायक्रोसॉफ्टची साइट रिकव्हरी या सेवा साधारण याच जातीच्या. पहिलीचा आकार दर संगणकामागे तासावर, दुसरीचा महिन्यावर. साठवणुकीचे भाडे आणि प्रत्यक्ष संकटात चालवलेल्या संगणकांचे भाडे वेगळे पडते. म्हणून नुसता मूळ दर पाहून तुलना करू नये. तिसऱ्या पायरीत दुसरी चूल मंद आचेवर पेटतीच असते. चौथीत दोन्ही चुलींवर एकदम स्वयंपाक. खर्चही जवळजवळ दुप्पट.

पण श्रोतेहो, महागडी चौथी पायरीही पहिलीची जागा घेत नाही. चुकीची नोंद झाली किंवा चोराने हिशेब बिघडवला, तर तो बिघाड क्षणात दोन्हीकडे उतरतो. म्हणून कालची, परवाची, महिन्यापूर्वीची जुनी प्रत लागतेच. आणि ती ठरावीक दिवस कोणालाही, अगदी आपल्या व्यवस्थापकालाही, पुसता येऊ नये.

ही प्रत कोठे ठेवावी? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांची प्रत दुसऱ्या गावी होती ते सावरले. ज्यांची त्याच आवारात होती, त्यांतील कित्येकांचे मूळही गेले आणि प्रतही. आपल्याकडे ॲमेझॉनची केंद्रे मुंबई व हैदराबाद येथे, मायक्रोसॉफ्टची पुणे व चेन्नई येथे, गुगलची मुंबई व दिल्ली येथे आहेत. तेव्हा काम एका शहरी व प्रत दुसऱ्या शहरी ठेवणे अवघड नाही.

नुसते अंतरही पुरत नाही. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिनिधीने गुगलकडे दोन ठिकाणी व्यवस्था ठेवली होती. मे २०२४ मध्ये गुगलच्या एका चुकीमुळे त्या व्यवस्थेचा मोठा भाग एकदम पुसला गेला. निधी वाचला तो वेगळ्या ठेवलेल्या प्रतींमुळे; तरी सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. दोन तिजोऱ्या असाव्यात, पण किल्ली एक नसावी, हा त्याचा अर्थ.

शेवटची गोष्ट तालमीची. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याच्या हातून मूळ साठा पुसला गेला. प्रती काढण्याच्या पाच पद्धती कागदावर होत्या. वेळेला त्यांतली एकही धड उपयोगी पडेना. कोणीतरी सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या प्रतीने अब्रू राखली.

तेव्हा संस्थेच्या वार्षिक सभेत नफा-तोट्याचा कागद वाचून झाला, की सभासदांनी आणि गावच्या गुरुजींनी आणखी तीन प्रश्न विचारावेत. आपल्या हिशेबाची प्रत कोणत्या गावी आहे? तिची किल्ली कोणाकडे आहे? आणि त्या प्रतीवरून कारभार उभा करून शेवटचे केव्हा पाहिले? यांची उत्तरे सरळ मिळाली, तर सेवा कोणत्याही कंपनीची असो, सभासदांचा पैसा बऱ्याच अंशी सुरक्षित आहे. मिळाली नाहीत, तर सर्वांत महागडी सेवा घेऊनही वही वाळवीच्या तोंडीच आहे असे समजावे.