लहानग्यासह उपनगरांतील छोटी सुट्टी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक ते तीन वर्षांचे मूल, म्हणजे पाय फुटलेले पण आपली गरज शब्दांत नेमकी सांगू न शकणारे मूल, बरोबर असताना मुंबईच्या उपनगरांत दोन-तीन दिवसांची सुट्टी आखणे हा मुख्यतः वेळेच्या हिशेबाचा प्रश्न असतो आणि पाहण्याच्या ठिकाणांची यादी त्या हिशेबानंतर येते. नाशिक-पुण्याहून येऊन अंधेरीत हॉटेल घेणारे कुटुंब असो, मुलुंडला आत्याकडे उतरणारे असो किंवा बोरिवलीतच राहून शहर नव्याने पाहू इच्छिणारे असो, त्यांच्या बेताला सुरुंग लावणारे समज मात्र बहुधा तेच असतात.

पहिला समज भूगोलाचा आहे. नकाशावर बोरिवली आणि मुलुंड ही ठिकाणे जवळजवळ समोरासमोर दिसतात, त्यामुळे सकाळी एक आणि दुपारी दुसरे असा बेत सहज सुचतो. परंतु या दोहोंच्या मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या डोंगररांगा पसरलेल्या असल्याने रस्त्याने जायचे तर घोडबंदरचा किंवा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचा वळसा पडतो, आणि रेल्वेने जायचे तर बोरिवलीहून अंधेरी, तेथून मेट्रोने घाटकोपर व पुन्हा लोकलने मुलुंड असा दोनदा गाडी बदलण्याचा प्रवास करावा लागतो. डोंगराखालून जाणाऱ्या गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली या बोगद्यांचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले असले, तरी ते प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत पश्चिम उपनगरे आणि पूर्व उपनगरे हे दोन वेगळे प्रदेश मानूनच बेत आखणे शहाणपणाचे ठरते. एका दिवशी एकच रेल्वेमार्ग, पश्चिम किंवा मध्य, एवढा नियम पाळला तरी निम्मी दगदग टळते.

या नियमाला एकच सोयीस्कर अपवाद आहे. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुमारे २१ मिनिटांत उपनगरांच्या या दोन बाजू जोडते, आणि तेच अंतर गर्दीच्या वेळी रस्त्याने कापताना तासाहून अधिक वेळ सहज जातो. असे असूनही लहान मूल असले की स्वतःची मोटार किंवा भाड्याची टॅक्सीच सोयीची, असा समज दृढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालील मुलांसाठी २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार या वयाच्या मुलाला बाबागाडीत, आसनात किंवा पाठीशी बांधून एका वेळी तासाभराहून अधिक काळ जखडून ठेवू नये. पश्चिम द्रुतगती मार्गावरील संध्याकाळच्या कोंडीत ही मर्यादा कधी ओलांडली गेली हे मोठ्यांच्या लक्षात येण्याआधी मुलाच्या रडण्यातून कळते. त्याच मार्गावरून दहिसर ते गुंदवली अशी धावणारी मेट्रो ७, जिचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये आणि उर्वरित टप्पा जानेवारी २०२३ मध्ये खुला झाला, तिच्या स्थानकांत उद्वाहक असल्याने बाबागाडी उचलून जिना चढावा लागत नाही. लोकलच्या जुन्या स्थानकांत बाबागाडी बहुतेक ठिकाणी ओझेच ठरते. तेथे मूल छातीशी बांधायचा कापडी पट्टा अधिक उपयोगी पडतो.

‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून स्कूटरच्या पुढच्या भागात मूल उभे करण्याची जी उपनगरी रीत आहे, तिच्याबद्दल मात्र सौम्य शब्द वापरणे कठीण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ मध्ये झालेल्या आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या दुरुस्तीप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा व मुलाच्या मापाचे हेल्मेट आवश्यक असून वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. अंतर कमी असल्याने या नियमातून सूट मिळत नाही.

रविवार हा सुट्टीचा दिवस म्हणून प्रवासालाही सोयीचा, हा समज मुंबईबाहेरून येणाऱ्यांत विशेष आढळतो. प्रत्यक्षात रूळ, तारा आणि सिग्नल यांच्या दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवण्याचा मेगाब्लॉक बहुधा रविवारीच असतो, आणि मध्य रेल्वेवर माटुंगा-मुलुंड हा टप्पा त्यात वारंवार येतो; जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातात, वेळापत्रक कोलमडते आणि जी गर्दी एरवी दिवसभर विखुरलेली असते ती फलाटावर एकवटते. त्यापेक्षा मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एखाद्या दिवशी सकाळी अकरानंतर निघून चारच्या सुमारास परतणे पुष्कळ सुसह्य होते. सोमवार यातून मुद्दाम वगळला आहे, कारण त्या दिवशी राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी लेणी बंद असतात. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते, हेही मध्य रेल्वेने तिकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

‘एवढ्याशा मुलाला काय आठवणार, मग खर्च कशाला’ हा आक्षेप घरातील वडीलधाऱ्यांकडून हमखास येतो आणि तो अर्धाच खरा आहे. प्रौढ माणसाला आपल्या आयुष्यातील साधारण पहिल्या तीन वर्षांतील प्रसंग आठवत नाहीत, या अवस्थेला मानसशास्त्रात बालविस्मृती म्हणतात. परंतु पुढे आठवण राहत नाही याचा अर्थ त्या वयात स्मृती नसतेच, असा होत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कोलियर यांनी पाळण्यावर टांगलेले खेळणे आणि थोड्या मोठ्या बाळांसाठी कळ दाबल्यावर धावणारी खेळण्यातली आगगाडी वापरून प्रयोग केले, तेव्हा दोन महिन्यांच्या बाळांना शिकलेली क्रिया जेमतेम एक-दोन दिवस, सहा महिन्यांच्या बाळांना सुमारे दोन आठवडे, तर दीड वर्षाच्या मुलांना सुमारे तेरा आठवडे लक्षात राहिल्याचे दिसले. म्हणजे दिवाळीत पाहिलेली मेट्रो दीड वर्षाचे मूल संक्रांतीला ओळखू शकते. अर्थात सहलीमुळे मूल हुशार होते, असा उलट टोकाचा दावा करण्यालाही यात आधार नाही. सहल आनंदासाठी असावी आणि तेवढे कारण पुरेसे मानावे.

झोपेविषयीचा समज अधिक नुकसान करतो. मूल दमले की कुठेही झोपेल, असे गृहीत धरून दिवसभराचा कार्यक्रम ठरवला जातो. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शनात एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी असे म्हटले आहे, आणि अति दमलेले मूल झोपण्याऐवजी किरकिरते, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. येथे हॉटेलची घड्याळे आड येतात : खोली बहुतेक ठिकाणी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान मिळते आणि अकरा-बाराला सोडावी लागते, म्हणजे पोहोचण्याच्या आणि निघण्याच्या अशा दोन्ही दिवशी मुलाच्या झोपेच्या वेळी हाती किल्ली नसते. खोली लवकर किंवा उशिरापर्यंत मिळेल का, हे नोंदणी करतानाच विचारावे. न्याहारीत काय आहे, याहून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रवासात मूल शांत राहावे म्हणून सर्दीचे औषध पाजण्याची जी क्लृप्ती काही घरांत चालते, ती घातक आहे. खोकला-सर्दीची औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीलांनाही सर्वसाधारणपणे ती सुचवली जात नाहीत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले.

‘पाणी बदलले म्हणून पोट बिघडले’ हे वाक्य तर प्रत्येक सहलीनंतर ऐकू येते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर, कुठेही नळ सोडला तरी पाणी येते ते महापालिकेच्या त्याच व्यवस्थेतून, जिला भातसा, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून पुरवठा होतो व ज्यातील मोठा भाग भांडुप संकुलात शुद्ध केला जातो. उपनगरांतल्या उपनगरांत पाणी ‘बदलत’ नाही. बिघाड होतो तो इमारतीच्या न धुतलेल्या टाकीत, उघड्या पिंपात, सरबतातल्या बर्फात, भेळेच्या चटणीत आणि सर्वांत जास्त न धुतलेल्या हातांत, कारण या वयाचे मूल रेलिंग, चप्पल आणि बिस्किट एकाच हाताने हाताळते. उकळून थंड केलेले पाणी, साबण आणि घरचा मऊ भात यांनी बहुतेक काम भागते. जुलाब झालेच तर ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे. अर्ध्या पेल्यात चमचाभर टाकल्यास क्षारांचे प्रमाण वाढून अपाय होतो. ताप, लघवी कमी होणे किंवा मूल सुस्त पडणे ही लक्षणे दिसताच घाटकोपरचे राजावाडी किंवा विलेपार्ल्याचे कूपर अशा जवळच्या रुग्णालयाची वाट धरावी.

पाहण्याच्या ठिकाणांबद्दल मोठ्यांच्या डोक्यात बहुधा स्वतःच्या लहानपणीची मुंबई असते. गोराईचे एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. राष्ट्रीय उद्यानातील ‘वनराणी’ या छोट्या आगगाडीचा मार्ग मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात उद्ध्वस्त झाला आणि गाडी पुढे कित्येक वर्षे थांबली, त्यामुळे तिचे वचन मुलाला देण्याआधी चौकशी करावी. मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडून ठाणे खाडीतील रोहित पक्षी पाहायला जाण्याची कल्पना हिवाळ्यात उत्तम आहे. मात्र तेथील नौकाफेरी भरती-ओहोटीप्रमाणे सुटते, आणि भरतीची वेळ मुलाच्या झोपेवर आली तर काठावरूनच समाधान मानावे लागते. कान्हेरीला राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत जावे लागते, लेण्यांच्या पायऱ्या दगडात कोरलेल्या व असमान आहेत, आणि तेथील माकडे हातातले केळे किंवा बिस्किटाचा पुडा पाहून थेट अंगावर येतात. खाऊ बंद पिशवीत ठेवून मूल कडेवर घेतले, तर पहिली तीन लेणी, त्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहासह, आरामात पाहून होतात आणि या वयाला तेवढी पुरतात.