आदल्या दिवशी वाकवलेली प्लेट

नायगावच्या बीडीडी चाळींपासून भोईवाड्याकडे चालत गेलं की थोड्याच वेळात रुग्णालयांची वस्ती सुरू होते. केईएम १९२६चं, लहान मुलांचं वाडिया १९२९चं, टाटा मेमोरियल १९४१चं. टाटाच्या बाहेर फुटपाथवर फाइल उशाशी घेऊन बसलेले परगावचे लोक नायगावकरांना रोज दिसतात. त्यांतल्या कितीतरी फायली तोंडाच्या कॅन्सरच्या असतात. आधी तंबाखू किंवा गुटखा, मग गालाच्या आतली न भरणारी जखम आणि शेवटी जबडा. थ्रीडी प्रिंटिंगबद्दल सर्जनला काय वाटतं, हे या जबड्याच्या ऑपरेशनमधून सगळ्यात नीट समजतं.

खालचा जबडा कापावा लागला, तर त्याच्या जागी पायातलं फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून बसवतात. हाड सरळ आणि जबडा कमानदार, म्हणून हाडाला तिरके छेद देऊन तुकडे कोनात जुळवायचे आणि टायटॅनियमच्या प्लेटवर स्क्रूने पक्के करायचे. ही प्लेट जबड्याच्या वळणाप्रमाणे पकडीने वाकवावी लागते. पूर्वी हे सगळं पेशंट टेबलावर असतानाच चालायचं, आजही अनेक ठिकाणी तसंच चालतं. वाकवायची, लावून बघायची, काढायची, पुन्हा वाकवायची. एकाच जागी पुढे-मागे वाकवलेला धातू कमजोर होतो आणि पुढे कधीतरी घास चावताना तिथेच तुटू शकतो. कॅन्सरच्या गाठीने जबड्याचा आकारच बिघडवला असेल, तर प्लेट कशावर बेतायची, हाही प्रश्न असतो.

इथे प्रिंटर कामाला येतो. सीटी स्कॅनचे पातळ काप संगणकात एकावर एक रचून जबड्याची आकृती तयार होते. बिघडलेल्या बाजूच्या जागी निरोगी बाजूची उलटी प्रत बसवता येते. मग प्रिंटर प्लॅस्टिकचे थर देत जबडा घडवतो. सर्जन तो हातात घेऊन आदल्या दिवशीच निवांतपणे प्लेट वाकवतो आणि ती निर्जंतुक होऊन थिएटरमध्ये येते. सोबत करवतीसाठी खाचा असलेला साचाही छापता येतो, म्हणजे हाड नेमकं कुठे आणि कोणत्या कोनात कापायचं ते आधीच ठरलेलं असतं. ऑपरेशनचा वेळ वाचतो. पायातून सुटलेलं हाड रक्ताविना राहण्याचा काळही कमी होतो.

अमेरिकी अभियंता चक हल यांनी थ्रीडी प्रिंटिंगच्या आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी १९८४मध्येच अर्ज केला होता. पण प्लॅस्टिकची तार वितळवून थर देणाऱ्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९मध्ये संपलं आणि त्यानंतरच हे यंत्र टेबलावर मावेल, खिशाला परवडेल असं झालं.

तरीही अनुभवी सर्जन यंत्रावर डोळे मिटून विसंबत नाही, आणि ते योग्यच आहे. गाठ कोणासाठी थांबत नाही. स्कॅन काढल्यावर आठवडे गेले आणि गाठ वाढली, तर साचा बाजूला ठेवून नजरेच्या आणि हाताच्या भरवशावर जास्त हाड कापावं लागतं. दुसरी गोष्ट, स्कॅनमधली करडी छटा हाड की मांस, हे संगणकापुढे बसलेला माणूस ठरवतो. तिथे चूक झाली, तर प्लॅस्टिकचा जबडा दिसायला सुबक आणि मापाला खोटा निघतो. म्हणून सर्जनने त्या पडद्यापुढे स्वतः बसलं पाहिजे.

बातम्यांत फोटो येतात ते छापलेल्या टायटॅनियमच्या हाडांचे. त्यांची खरी गरज आहेच. कंबरेच्या हाडाचा वेडावाकडा भाग काढल्यावर तयार मापाचा सांधा बसत नाही. २०२१मध्ये काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कित्येकांचा वरचा जबडा गेला, त्यांनाही तयार मापाचं काही मिळण्यासारखं नव्हतं. सच्छिद्र छापलेल्या धातूत हाड वाढून रुजतं, हा त्याचा मोठा गुण. पण टाटाच्याच हाडांच्या सर्जनांनी दुसरी वाटही चोखाळली आहे. गाठीसकट काढलेलं हाड स्वच्छ करायचं, त्याला एकाच वेळी ५० ग्रे किरणोत्सर्ग देऊन कॅन्सरच्या पेशी मारायच्या आणि तेच हाड पेशंटला परत बसवायचं. माप तंतोतंत जुळतं आणि परदेशी सांध्याचा खर्च वाचतो. मोठे कृत्रिम सांधे देशातच व्हावेत म्हणून टाटा, आयआयटी मुंबई आणि हैदराबादची एनएफटीडीसी ही धातूंवर काम करणारी संस्था एकत्र आल्या, त्यामागेही हीच कळकळ होती.

माझं मत स्पष्ट आहे. गरीब पेशंटला आज सगळ्यात जास्त उपयोग महागड्या धातूच्या हाडाचा नाही, तर त्या साध्या प्लॅस्टिकच्या जबड्याचा आहे. आयआयटी मुंबईत २०१४ पासून बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एका टेबलावर बसवत आलं आहे. पालिकेने आणि सरकारने आता पुढचं पाऊल टाकावं. प्रत्येक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात सीटी स्कॅनच्या शेजारच्या खोलीत एक प्रिंटर द्यावा आणि तो चालवणारा कायम पगाराचा तंत्रज्ञही द्यावा.